द्वैतवनातली हरणे

दिवाळीचा फराळ संपत आला, चकल्यांच्या डब्यात तळाचा चुरा तेवढा उरला, की आमच्या घरात हल्ली प्रवासाची भाषा सुरू होते. पूर्वी होत नसे असे नाही. पण पूर्वीच्या कोकणातल्या माणसाचा प्रवास हा कुणाकडे तरी असे. मामाकडे, आत्याकडे, लेकीच्या सासरी, कुलदैवताला, फार तर पंढरीला. वाट कितीही वाईट असली तरी तिच्या टोकाला कुणीतरी उभे असे, आणि पायांवर पाणी घेतल्याशिवाय घरात पाऊल पडत नसे. आता आपण निघतो ते जिथे कुणीच आपली वाट पाहत नाही अशा ठिकाणी. मोटारीच्या टपावर तंबू बांधायचा, मागे पाण्याचा कॅन, गॅसची लहान शेगडी, तांदूळ, कांदे-बटाटे आणि मेतकुटाची बरणी ठेवायची, उरलेल्या जागेत मुले कोंबायची, आणि एखाद्या राष्ट्रीय उद्यानाच्या कडेला, नाहीतर समुद्रकाठच्या सुरूच्या बनात जाऊन मुक्काम करायचा. रत्नागिरीहून निघाले की एका बाजूला दोन तासांवर सह्याद्री, दुसऱ्या बाजूला समुद्र. तेव्हा निमित्तालाही तोटा नाही.

आमच्या सासूबाईंनी पहिल्या खेपेची ही तयारी पाहिली तेव्हा त्या एवढेच म्हणाल्या, "चांगलं कौलारू घर असताना उघड्यावर झोपायला निघालात? कुणी काढलंय का तुम्हांला घरातून?"

आम्ही सगळे हसलो. पण त्यांच्या म्हणण्यात एक खोच होती, आणि ती पुढे माझ्या मनात रुतून राहिली. घराबाहेर, झाडाखाली रात्र काढणे हे आपल्याकडे आजवर कुणाच्या ना कुणाच्या नाइलाजाचे काम होते. ते वाटसरूने केले, घाटमाथ्यावरच्या धनगराने केले, ऊसतोडीला निघालेल्या बैलगाडीवाल्याने केले. आपण तेच हौसेने करतो. हौसेला माझी हरकत नाही. प्रश्न आहे तो असा, की जिथे आपल्याला कुणी बोलावलेले नाही तिथे आपण कोण म्हणून जातो? पाहुणे म्हणावे तर यजमान नाही. मालक तर आपण नव्हेच. मग तिथे आपला हक्क कोणता, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे, आपले कर्तव्य कोणते?

या प्रश्नाचा विचार करू लागले की मला महाभारतातले रानातले तीन मुक्काम आठवतात. त्यांतला पहिला आदिपर्वात आहे. इंद्रप्रस्थाला उन्हाळा कडक झाला होता. अर्जुनाने कृष्णाला सुचवले की मित्रमंडळींना घेऊन यमुनेवर जाऊ आणि संध्याकाळी परत येऊ. द्रौपदी आहे, सुभद्रा आहे, सख्या आहेत. खाणेपिणे आहे, गाणे आहे, पाण्यात डुंबणे आहे. आजच्या कोणत्याही कुटुंबाची सहल असावी तशीच ही सहल. आणि या सहलीचा शेवट काय झाला? अग्नी ब्राह्मणाच्या रूपाने आला, त्याने खांडववन मागितले, आणि दोघा मित्रांनी ते जाळू दिले. बाहेर पडू पाहणाऱ्या प्राण्यांना बाणांनी परत आत लोटले. त्या आगीतून सहा जीव वाचले असे महाभारत सांगते: तक्षकाचा मुलगा अश्वसेन, मयासुर आणि शार्ङ्गक पक्ष्याची चार पिले. त्याच मयाने पुढे पांडवांना राजसभा बांधून दिली.

दुसरा मुक्काम वनपर्वातला, घोषयात्रेचा. पांडव वनवासात द्वैतवनात राहत आहेत. दुर्योधनाला त्यांची दैना पाहायची आहे. पण त्याहून अधिक, आपले ऐश्वर्य त्यांना दाखवायचे आहे. गाईगुरांची मोजदाद करायची असे निमित्त काढून तो बायका, नोकर, रथ, तंबू घेऊन रानात उतरतो. तळ्याकाठी आधीच गंधर्वांचा मुक्काम पडलेला असतो. त्यांना 'उठा' म्हणून सांगायला हा माणसे पाठवतो, आणि मार खातो. रानात रान पाहायला न जाता, आपण रानात आहोत हे दुसऱ्याला दाखवायला जाणे ही काही मोबाईलबरोबर आलेली खोड नव्हे. ती द्वैतवनाइतकी जुनी आहे. तिसऱ्या मुक्कामाची गोष्ट मी पुढे सांगणार आहे. तोवर आपण आपल्याच सह्याद्रीत जाऊ.

गेल्या वर्षी नाताळच्या सुटीत आम्ही हातखंबा, पाली, साखरपा करीत आंबा घाट चढलो आणि मलकापूरवरून वारणेच्या खोऱ्यात उतरलो. चांदोलीचे रान तिथे आहे. १९८५ साली ते अभयारण्य म्हणून जाहीर झाले, २००४ साली राष्ट्रीय उद्यान झाले, आणि २०१० साली कोयनेचे अभयारण्य व हे उद्यान मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. २०१२ साली पश्चिम घाटाला जागतिक वारशाचा मान मिळाला, त्यातही ते आहे. उद्यान सुमारे ३१८ चौरस किलोमीटरांचे. सातारा, सांगली, कोल्हापूर आणि आमचा रत्नागिरी अशा चार जिल्ह्यांना त्याची कड लागते. आतल्या रानात रात्रीचा मुक्काम करता येत नाही. दिवसा जायचे आणि उजेड आहे तोवर परतायचे. तंबू ठोकायचा तो बाहेर, गावाच्या हद्दीत. हा नियम मला फार शहाणपणाचा वाटतो. रात्र ही ज्यांची आहे त्यांची त्यांना सोडून द्यावी.

आत आम्हांला गवे दिसले नाहीत. एक भेकर दिसले, तेही पळतानाचे. मुले हिरमुसली. पण मला दिसले ते वेगळेच. रानाच्या मधोमध, कारवीच्या गचपणात, आंब्याफणसाची चार ओळीतली झाडे उभी होती. फणस रानात आपोआप ओळीत उगवत नाही. जवळ जाऊन पाहिले तर दगडी जोते, आणि त्याच्या पुढे तुळशीवृंदावनाचे दगड. इथे घर होते. इथे सकाळी कुणीतरी सडा घातला होता.

चांदोलीचे धरण झाले, मग अभयारण्य झाले, आणि या खोऱ्यातली गावे उठली. आमच्या संगमेश्वर तालुक्यातले गोठणेही असेच उठले. आता हातीवजवळ त्यांची वस्ती आहे, आणि तिचे नाव आहे गोठणे पुनर्वसन. माणसाला आडनाव असते तसे त्या गावाला 'पुनर्वसन' हे आडनाव लागले आहे, आणि ते आता सुटणार नाही. ज्यांचे आजे-पणजे त्या जोत्यांवर जन्मले त्यांना तिथे जायला परवानगी हवी. आणि ज्यांचा त्या रानाशी काडीचा संबंध नाही असे आम्ही तिकीट काढून मोटारीतून तिथे जाऊन येतो, आणि वर गवा दिसला नाही म्हणून कुरकुरतो.

यात कुणी दुष्ट आहे असे नव्हे. राष्ट्रीय उद्यान ही कल्पनाच अशी घडलेली आहे. १८७२ साली अमेरिकेत यलोस्टोनचे पहिले उद्यान झाले, आणि तिथे पिढ्यान्पिढ्या वावरणाऱ्या आदिवासी जमातींना पुढच्या काही वर्षांत बाहेर लोटण्यात आले. पुढे १९६४ साली त्याच देशाने रान राखण्यासाठी एक कायदा केला. त्यात रानाची व्याख्या अशी आहे, की जिथे माणूस हा केवळ पाहुणा असतो आणि वस्तीला राहत नाही ते रान. व्याख्या सुंदर आहे. पण ती वाचताना माझ्या मनात येते, की घरच्यांना बाहेर काढून मग सगळ्यांनीच पाहुणे व्हायचे, ही कुठली पाहुणचाराची रीत? आपल्याकडे २००६ साली वनहक्क कायदा झाला, आणि रानात राहणाऱ्यांवर अन्याय होत आला हे देशाने निदान कागदावर कबूल केले. मात्र कागदावरच्या कबुलीने मोडलेले जोते पुन्हा उभे राहत नाही.

तरीही दुसरी बाजू आहे, आणि ती लपवून चालणार नाही. ते रान मोकळे ठेवले नसते तर आज त्याचे काय झाले असते? घाटाखालचे डोंगर कसे बोडके झाले ते आपण पाहतोच आहोत. चांदोलीत आज गवा आहे, सांबर आहे, शेकरू आहे, ते माणूस उठला म्हणून आहेत, हेही खरे. एका बाजूला फणसाखालचे जोते, दुसऱ्या बाजूला त्या फणसावर खेळणारे शेकरू. या दोहोंपैकी एकाची बाजू घेऊन जो निश्चिंत झोपतो त्याचा मला हेवा वाटतो. पण विश्वास वाटत नाही.

मग आपल्याकडे याहून बरी रीत नव्हती का? होती. आमच्या जिल्ह्यात गावोगाव देवरहाटी आहे. देवळाभोवतीचे जुने रान. त्यात कुऱ्हाड चालवायची नाही, वाळकी काटकीही चुलीसाठी आणायची नाही. देवळाच्याच कामाला लाकूड हवे असेल तर देवाला कौल लावायचा, आणि देव 'नाही' म्हणाला तर गुमान परतायचे. रानाला इथे यजमान होता, आणि त्याला विचारावे लागत होते. विचारणे, आणि नकार मिळू शकतो हे धरून विचारणे, यातच देवरहाटीचे सारे शहाणपण साठलेले आहे. देव खरोखर बोलतो की नाही हा वाद मला घालायचा नाही. माणूस थांबून उत्तराची वाट पाहत होता, एवढे मला पुरे आहे.

पण देवरहाटीचे गोडवे गाताना एक गोष्ट विसरू नये. काही ठिकाणी या रानात बाईने जायचे नसे, काही ठिकाणी अमुक जातीच्या माणसाने जायचे नसे. देवाच्या नावाने रान राखले गेले, तसे देवाच्याच नावाने माणसेही दूर राखली गेली. उद्यानाच्या फाटकावरचे तिकीट निदान जात विचारत नाही. तेव्हा तिकिटाला मी नावे ठेवणार नाही. त्यात एवढेच उणे आहे, की एकदा पैसे दिले की आपण विचारायचे थांबतो. ग्राहकाला नकार ऐकायची सवय नसते.

ही सवय माणसाला पुन्हा लागू शकते का, याचा प्रत्यय मला रानात आला नाही. तो समुद्रावर आला. चांदोलीहून परतल्यावर आम्ही जयगडच्या फेरीबोटीने तवसाळला उतरलो आणि किनाऱ्याकिनाऱ्याने उत्तरेकडे निघालो. एका गावी सुरूच्या बनाला लागून सुरेख जागा मिळाली. पुढे वाळू, मागे झाडांचा आडोसा. धाकट्या भाऊजींनी तंबू उभारला, कंदील टांगला, भात शिजत आला, इतक्यात एक गृहस्थ वाळूतून चालत आले. गावातले कासवमित्र. कासवांची अंडी राखायचे काम करणारे. अगदी अदबीने म्हणाले, "वहिनी, जेवून घ्या सावकाश. पण मग तंबू इथनं हलवाल का? हे कासवांच्या वर येण्याचे दिवस. उजेड नि माणसं दिसली की ती पाण्यातनंच माघारी जातात."

भाऊजींना ते रुचले नाही. दिवसभर मोटार चालवून ते थकले होते. म्हणाले, "किनारा काय कुणाच्या मालकीचा आहे? आणि आज रात्री कासव येणारच आहे का?"

ते गृहस्थ हसले. "येईल की नाही ते मला काय ठाऊक? दिवा असला तर येणार नाही, एवढं ठाऊक आहे."

आम्ही तंबू हलवला. त्यांच्याच अंगणात, माडाखाली, अंधारात पुन्हा खुंट्या ठोकल्या. त्यांच्या घरच्यांनी सोलकढी दिली. सकाळी भाऊजींनी मुद्दाम चौकशी केली; रात्री कासव आले नव्हते. "म्हणजे फुकटच हलवला की!" ते म्हणाले. थट्टेने म्हणाले, पण प्रश्न खराच होता. न आलेल्या पाहुण्यासाठी जागा रिकामी केली, तर ते चांगले कृत्य की वाया गेलेली मेहनत?

मला वाटते, नीतीचा खरा कस इथेच लागतो. समोर उभ्या असलेल्याला जागा देणे सोपे आहे. तो दिसतो, तो आभार मानतो. जो येईल की नाही ठाऊक नाही, आला तरी जो आपल्याला ओळखणार नाही, त्याच्यासाठी उठणे कठीण. २०२१ साली ओडिशाच्या गहीरमाथा किनाऱ्यावर खुणेचा बिल्ला लावलेली एक ऑलिव्ह रिडले मादी २०२५ च्या जानेवारीत आमच्या गुहागरच्या वाळूत अंडी घालताना सापडली. पूर्वेच्या समुद्रातून पश्चिमेच्या समुद्रात! ती येणार आहे असे आदल्या दिवशी गुहागरात कुणाला सांगता आले असते? त्या रात्री तिथली वाळू काळोखी होती, मोकळी होती, एवढेच तिला पुरले. आधीच्या कितीतरी रात्री ती वाळू अशीच 'फुकट' मोकळी राहिली असेल. त्या सगळ्या रात्री मिळून ही एक रात्र झाली.

आता तो तिसरा मुक्काम सांगते. घोषयात्रेनंतरची गोष्ट आहे. पांडव द्वैतवनातच आहेत. एका रात्री युधिष्ठिराच्या स्वप्नात हरणे येतात. अंग थरथरते आहे, कंठ दाटून आला आहे. तो विचारतो, तुम्ही कोण? ती सांगतात, या वनातली मारून उरलेली हरणे ती आम्ही. तुमचे भाऊ शूर आहेत, त्यांनी आमची कुळे संपवत आणली. आता बियाण्यापुरती आम्ही उरलो आहोत. तुम्ही मुक्काम हलवलात तर आम्ही पुन्हा वाढू. युधिष्ठिर जागा होतो, भावांना उठवतो आणि सांगतो, की हरणांचे म्हणणे खरे आहे. एक वर्ष आणि आठ महिने आपण त्यांच्यावर जगलो. आणि पांडव तळ उचलून काम्यकवनाकडे जातात.

ही गोष्ट मला सगळ्या महाभारतात अत्यंत माणुसकीची वाटते, आणि तिचे कारण असे की तीत कुणी संत झालेला नाही. युधिष्ठिराने शिकार सोडली नाही. तो काम्यकवनात गेला तो तिथे मृग विपुल आहेत म्हणून. तो जगण्यासाठी रानावर अवलंबून होता आणि पुढेही राहिला. त्याने केले ते एवढेच: ऐकले, हिशेब मांडला, आणि वेळेवर उठला. ज्यांनी राजे असताना सहलीला जाऊन खांडव जाळले, त्यांनीच स्वतःचे घर गेल्यावर द्वैतवन वाचवले. रान तेच, धनुष्यही तेच गांडीव. मधल्या काळात त्यांना बेघर होणे काय असते ते कळले होते.

तेव्हा, मुलांना रानात न्यावे की नेऊ नये? न्यावे असेच मी म्हणेन. जे कधी पाहिलेच नाही त्याच्यासाठी उठायला कोण तयार होईल? आणि पाहुण्याच्या जाण्याने भलेही होते. मंडणगड तालुक्यातल्या वेळासला २००२ साली चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने कासवांची अंडी राखायचे काम सुरू केले, आणि २००६ पासून तिथे कासव महोत्सव होतो. जी अंडी पूर्वी चोरली जात त्यांची आता राखण होते, आणि पाहायला येणारी माणसे गावातल्याच घरांत उतरून पाहुणचार घेतात. तिथे यजमान आहे. तो सांगतो, दोरीच्या अलीकडे उभे राहा, हात लावू नका, दिवा पाडू नका. आणि माणसे ऐकतात. पिल्लू वाळूतून अडखळत पाण्याकडे निघते तेव्हा त्याला उचलून पाण्यात सोडावे असे कुणालाही वाटते. पण ते अंतर त्याचे त्यानेच चालायचे असते, आणि आपण हात मागे बांधून उभे राहायचे असते. मुलांना शिकवायचे ते हे. तंबू ठोकायला काय, दोन दिवसांत कुणीही शिकते. उचलायला शिकवावे लागते.

मात्र द्वैतवनाच्या गोष्टीने माझे समाधान पुरते होत नाही, हेही सांगितले पाहिजे. युधिष्ठिराला स्वप्न स्वतःला पडले होते. त्याचा तळ वीस महिन्यांचा होता, आणि तो गेला तिथे त्याला दुसरे वन होते. गोठण्याच्या माणसांचे घर पिढ्यांचे होते. आणि त्यांना उठावे लागले ते दुसऱ्यांनी पाहिलेल्या स्वप्नासाठी. आम्ही कासवासाठी एक रात्र अंगणात झोपलो तर आम्हांला त्याचे केवढे कौतुक! हरणांसाठी, गव्यांसाठी, शेकरांसाठी खरा तळ ज्यांनी उचलला त्यांचे नाव फाटकावर कुठे लिहिलेले नाही. त्यांचे देणे कसे फेडावे ते मला ठाऊक नाही. पण त्या रानात जाताना आपण कुणाच्या उठून गेलेल्या पानावर बसतो आहोत याची आठवण ठेवणे, एवढे तर कुणालाही जमण्यासारखे आहे. येत्या नाताळात आम्ही पुन्हा निघणार आहोत. या खेपेला घाट चढण्याआधी संगमेश्वराकडून वळसा घालून हातीवला जायचे, आणि मुलांना आधी ते गाव दाखवायचे, असे आम्ही ठरवले आहे.